डावं झाकण आधी

माझी शेजारीण डोरीन मोलनार कुठल्याही गोष्टीला एकच उत्तर देते, "बरं." पाऊस आलाय गं, वाळत घातलेलं काढ. बरं. पापरिकाशच्या रश्शाला मीठ कमी पडलंय. बरं. नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, की डावी बाजू परत येईल याची खात्री देता येत नाही. त्यांनाही ती "बरं" म्हणाली. मी तिथेच उभी होते. मला तर तिला गदागदा हलवावंसं वाटलं. पण मला पुष्कळांना हलवावंसं वाटतं. माझी आई म्हणायची, विल्मा, तुला देवाने जिभेच्या जागी लाटणं दिलंय.

आम्ही ओहायोतल्या टोलीडोच्या पूर्वेकडचे, नदीच्या या काठचे. हंगेरीहून आलेल्या आमच्या आज्यांनी इथे मिरच्या लावल्या आणि आज्यांचे नवरे कारखान्यांत गेले. मग आमचे बाप गेले, मग आम्ही. जीपच्या कारखान्यात मी दारं बसवायची. डोरीनचा नवरा एर्नी माझ्या पुढच्या ठाण्यावर छत बसवायचा. कडक छत, ज्याला आम्ही टप म्हणतो, त्याचे पुढच्या दोन सीटांवरचे दोन तुकडे सुटे असतात. ते खिट्ट्या फिरवून काढायचे, घरी ठेवायचे आणि उघड्या आभाळाखाली हिंडायचं. कारखान्यात त्यांना झाकणं म्हणायचे. डावं झाकण, उजवं झाकण. एर्नीने आयुष्यभर झाकणं लावली आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या गाडीची काढली.

ते काढणं म्हणजे आमच्या गल्लीचा सणच होता. बर्फ वितळून पहिला उबदार रविवार उगवला की चर्चमधून आल्याआल्या एर्नी कोट फेकायचा आणि ओरडायचा, "डोरी! तुझी बाजू धर!" मग डोरीन घरातून यायची, डोक्याला स्कार्फ घट्ट बांधून. दोघं दोन बाजूंना उभी राहून एकेक झाकण उचलायची, गॅरेजच्या छताला दोर आणि कप्पी होती तिथे टांगायची आणि तळ्याकडे निघायची. तो दात काढून हसत असायचा. रस्त्यात समोरून दुसरी जीप आली की स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलून सलाम करायचा, कारण जीपवाले जीपवाल्याला सलाम केल्याशिवाय पुढे जात नाहीत. डोरीन शेजारी बसलेली असायची, हात मांडीवर, स्कार्फची गाठ हनुवटीखाली.

तो स्कार्फ इतका प्रसिद्ध झाला, की दर नाताळला अख्खी गल्ली तिला स्कार्फच द्यायची. मीही दिलेत. रेशमी, लोकरी, फुलांचे, ठिपक्यांचे. तिच्या कपाटातला एक पूर्ण खण त्यांनी भरला होता. उघडून बघायची, म्हणायची, "बरं, छान आहे," आणि खणात टाकायची. आम्हाला वाटायचं बाईला स्कार्फचं भारी वेड आहे.

झटका आला तो फेब्रुवारीत, अंगणातला बर्फ ओढताना. एर्नी जगला. बोलायला लागला, थोडं जड, पण समजेल असं. डावा हात मात्र मांडीवर ठेवला तिथेच राहायचा आणि डावा पाय कुणाचा तरी उसना आणल्यासारखा मागून यायचा. डोरीन त्याला उठवायची, धुवायची, भरवायची, व्यायामाला न्यायची. ती रडली नाही. चिडली नाही. देवाचं नावही तिने जास्त घेतलं नाही. तिचं चाललं होतं ते सगळं नीट, वेळेवर आणि कुठलीच चव नसलेलं. मी एकदा विचारलं, "डोरीन, तुला कसं वाटतंय गं?" ती बटाटे सोलत होती. थांबून तिने खरंच विचार केला आणि म्हणाली, "काही नाही वाटत." लपवत नव्हती ती. तिला खरंच काही वाटत नव्हतं. त्या दोघांत एकाचं अर्धं अंग बधिर होतं आणि एकीचं सगळं.

एप्रिलमध्ये पहिला उबदार रविवार आला. मी तेव्हा क्लीव्हलंडला बहिणीकडे गेले होते, नाहीतर मी हे होऊ दिलं नसतं. एर्नीचे कारखान्यातले दोस्त आले, त्यांचा म्होरक्या टायनी, जो नावाने एवढासा आणि अंगाने रेडा आहे. एर्नीला आनंद द्यायचा म्हणून त्यांनी कुणालाही न विचारता दोन्ही झाकणं काढली, कप्पीने पार वर टांगली, कोल्बास सॉसेज खाल्लं, बिअर प्यायले, एर्नीच्या पाठीवर थापा मारल्या आणि घरी गेले. एकाच्याही डोक्यात आलं नाही, की ही परत लावणार कोण?

सोमवारी सकाळी व्यायामाची वेळ होती आणि पाऊस धो धो. दवाखान्याची गाडी हवी तर आदल्या दिवशी सांगावं लागतं. डोरीनने कप्पीचा दोर ओढून पाहिला, झाकण खाली येऊन तिच्याच डोक्यावर बसायला लागलं, तेव्हा तिने दोर परत बांधला. मग एर्नीला उचलून सीटवर बसवलं, त्याला कचऱ्याची मोठी काळी पिशवी घातली, गळ्यासाठी भोक पाडून. स्वतः स्कार्फ बांधला आणि उघड्या गाडीतून भर पावसात निघाली. लोक सिग्नलला थांबून बघत होते म्हणे. गाडीच्या पुढच्या फळीवर रबरी बदकांची रांग आहे. जीप आवडली की अनोळखी माणसं तिच्यावर एक बदक ठेवून जातात, एर्नीला अशी खूप मिळालीत. त्या दिवशी मजेत होती ती तेवढी बदकं.

मी परत आल्यावर हे तिने मला सांगितलं, कोबीचा भाव सांगावा तसं. मी टायनीला फोन करून असं काही ऐकवलं की त्याच्या बायकोने येऊन डोरीनबरोबर झाकणं लावली. पण डोरीनच्या मनात वेगळंच राहिलं होतं.

"विल्मा, दवाखान्यात पोचल्यावर मी त्याला पुसत होते ना, तर तो म्हणाला, डोरी, मी अर्धाच भिजलो."

"म्हणजे?"

"डाव्या बाजूला पाऊस कळलाच नाही त्याला. उजव्या गालावर पडला, तेवढाच पडला असं वाटलं. हसत होता."

"आणि तू?"

"मी पूर्ण भिजले होते," ती म्हणाली आणि फडकं पिळायला लागली.

जूनमध्ये गाडी परत द्यायची वेळ आली. आमच्याकडे कारखान्यातून निवृत्त झालेली माणसं गाडी विकत घेऊन ठेवत नाहीत. कामगारांच्या सवलतीत दोन-तीन वर्षांसाठी घ्यायची, मुदत संपली की परत करायची आणि नवी सांगायची. त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी घराघरात एकच वाद असतो, रंग कुठला आणि छत कुठलं. एर्नीच्या घरात तो वाद कधीच झाला नव्हता. रंग बदलायचे, छत कडकच.

या वेळी मी त्यांना शोरूममध्ये घेऊन गेले. एर्नी चाकाच्या खुर्चीत, डोरीन मागे खुर्ची ढकलत आणि मी पुढे, भांडायच्या तयारीत. विक्रेता ब्रेंट नावाचा होता, केसांना इतकं तेल, की त्यात भजी तळता आली असती. पण पोरगा चांगला निघाला. त्याने एर्नीकडे एकदा पाहिलं, डोरीनकडे एकदा पाहिलं आणि सरळ कापडी हूडच्या गाडीकडे नेलं.

"बघा मिसेस मोलनार," तो म्हणाला, "इथे काचेच्या वर दोन आकडे. हे असे सोडवायचे. आणि आता ढकला मागे."

त्याने एका हाताने ढकललं. हूड घडी पडत मागे गेला आणि आभाळाऐवजी शोरूमचे दिवे दिसायला लागले.

"झालं. सिग्नल लाल असताना उघडा, हिरवा व्हायच्या आत मोकळ्या. पाऊस आला, ओढा पुढे. कुणाला बोलवायला नको, काही उचलायला नको, गॅरेजमध्ये टांगायला नको."

"हे घे!" मी म्हणाले. "डोरीन, डोळे झाकून हेच घे. त्या टायनीचं तोंड बघायला नको."

एर्नी खुर्चीतून गुरगुरला. "तंबू आहे तो. मी काय सर्कशीतला आहे? थंडीत कापड वाजतं फडफड. आणि आवाज! ट्रक शेजारून गेला की वाटतं मांडीवरून गेला."

"तुझ्या मांडीला कळणार आहे का ते?" मी म्हणाले. आमच्यात असंच बोलतात, कारखान्यात याहून वाईट बोलायचे. तो हसला, उजव्या बाजूने.

ब्रेंट डोरीनकडे वळला. "मिसेस मोलनार, आता गाडी तुम्ही चालवणार. तुम्हाला काय आवडतं?"

बराच वेळ ती हूडच्या कापडावर हात फिरवत राहिली. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तिला छताबद्दल विचारलं होतं. उत्तर कुठे ठेवलंय ते तिला सापडत नसावं.

तेवढ्यात एर्नी बोलला. त्याचा आवाज खाली आला होता. "डोरी, कापडी घे. तुला एकटीला जमेल. मला चालतंय."

हे म्हणायला त्याला किती जड गेलं ते मला माहीत आहे. कापडी हूडचा आकडा सोडवायला एक हात पुरतो. त्याच्याकडे एकच होता, आणि तो तसं तोंडाने कबूल करत होता, सगळ्यांसमोर, एका तेलकट पोरासमोर.

डोरीनने कापडावरून हात काढला. "नको," ती म्हणाली. "कडक. दोन झाकणांचं. नेहमीचंच."

एर्नीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "अगं, उचलणार कोण ते?"

"बघू," ती म्हणाली.

एर्नीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तो ते पुसू शकत होता, पण पुसलं नाही. ब्रेंट उगाच टायरकडे बघायला लागला. आणि मी, जिने आपल्या नवऱ्याच्या दफनालाही टिपं गाळली नाहीत, ती मी ब्रेंटच्या टेबलावरचे कागदी रुमाल संपवले. तिला वाटतं हा परत उचलेल! न बोलणारी बाई, आणि काय बोलून गेली!

दोन दिवसांत गल्लीभर झालं. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. टायनी माझ्या दारात येऊन लहान मुलासारखा रडला आणि म्हणाला, माझ्या बायकोने तर क्षणाचाही विचार न करता कापडी घेतलं असतं. कुणीतरी डोरीनला आणखी एक स्कार्फ दिला.

मी तिला मिठी मारायला गेले तेव्हा ती स्वयंपाकघरात नोकेदली करत होती, पिठाचे बारीक गोळे चमच्याने उकळत्या पाण्यात सोडत. एर्नी पलीकडच्या खोलीत झोपला होता. मी म्हणाले, "डोरीन, तुझा विश्वास बघून मला लाज वाटली गं स्वतःची."

"कसला विश्वास?"

"एर्नी परत झाकणं उचलेल हा."

ती गोळे सोडत राहिली. "नाही उचलणार तो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"मग कडक का घेतलंस?"

"मला एकटीला ते उघडता येत नाही म्हणून."

मला काही समजेना. तिने चमचा खाली ठेवला आणि दाराकडे एकदा बघून घेतलं.

"कापडी घेतलं असतं तर तो दर सिग्नलला म्हणाला असता, डोरी, उघड गं. आणि मी उघडलं असतं. मला वारा सोसत नाही, विल्मा. लहानपणी माझ्या कानाचं ऑपरेशन झालंय. वारा लागला की आतून सुई घातल्यासारखं होतं, रात्रभर. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून? अगं, मग तो स्कार्फ..."

"आणखी काय करणार होते?"

मला तो खण आठवला. रेशमी, लोकरी, फुलांचे, ठिपक्यांचे. मी खुर्चीवर बसले.

"मला एकदा बंद गाडीत बसायचंय," ती म्हणाली. तिच्या आवाजात रागही नव्हता आणि दुःखही नव्हतं. "काचा वर, छत वर. शांत. बास एवढंच."

"मग सांग ना त्याला!"

"आता?" तिने पलीकडच्या खोलीकडे मान हलवली. "आता त्याच्याकडे राहिलंय काय दुसरं? तू सांगू नकोस हं."

मी सांगितलं नाही. मला सांगायचं होतं, जीभ वळवळत होती. पण तिने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं.

नवी गाडी ऑगस्टमध्ये आली, गडद निळी. डोरीन ती बंद ठेवून चालवायची. एर्नी शेजारच्या सीटवर बसून काचेतून समोर बघायचा आणि सलाम आला की उजव्या हाताची दोन बोटं उचलायचा. बदकं नव्या फळीवर मांडली होती. मी एकदा मागे बसून गेले. आत इतकं शांत होतं की इंजिनाचा श्वास ऐकू येत होता. डोरीनच्या डोक्यावर स्कार्फ नव्हता. तिचे कान मी पहिल्यांदाच नीट पाहिले, लहानसे आहेत, मोत्याच्या कुड्या घालते ती.

सगळं इथे मिटलं असतं. पण एर्नीने ते शोरूममधलं "बघू" मनावर घेतलं होतं.

व्यायाम शिकवणारी मुलगी सांगायची, एवढं करा, तर तो दुप्पट करायचा. मी माझ्या खिडकीतून बघायची. सकाळी मागच्या अंगणात काठी धरून उभा, घामाने निथळत, उजव्या हातात भरलेली बादली वर उचलतोय, खाली ठेवतोय, वर उचलतोय. पाय थोडा सरळ पडायला लागला. चाकाची खुर्ची गॅरेजमध्ये गेली. एकदा कुंपणावरून मला म्हणाला, "विल्मा, बाईचा माझ्यावर विश्वास आहे. तिला तोंडघशी पाडू का?"

मी "अरे वा" म्हणाले आणि घरात जाऊन भांडी आपटली. मला डोरीनचा राग आला, एर्नीचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या बादलीचा. तो तिच्यासाठी मरमर मरत होता, तिला नको असलेली गोष्ट तिला देण्यासाठी.

ऑक्टोबरात एक रविवार असा उगवला की एप्रिल चुकून परत आला असं वाटावं. मेपलची पानं लाल झाली होती. मी ओट्यावर कॉफी पीत बसले होते आणि तेवढ्यात तो आवाज आला, थोडा जड, पण तोच.

"डोरी! तुझी बाजू धर!"

कप माझ्या हातातच राहिला. एर्नी गाडीच्या डाव्या दाराशी उभा होता, काठी दाराला टेकवलेली. आत वाकून खिट्ट्या त्याने आधीच फिरवल्या होत्या आणि उजवा हात वर झाकणाच्या कडेला लावला होता. डोरीन दारात आली. हातात स्कार्फ होता, न बांधलेला. ती पायऱ्या उतरली, गाडीच्या पलीकडे गेली, हात वर केला, आणि मग खाली घेतला.

"एर्नी, नको."

"पडत नाही गं मी. धर."

"ते नाही. मला वारा सोसत नाही. माझे कान दुखतात."

"आज दुखतायत?"

"पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?"

"तुझी ती हिरवी गाडी होती ना, लग्नाआधीची. तेव्हापासून."

एर्नीचा हात हळूहळू खाली आला. मी ओट्यावरून उठून कुंपणापाशी गेले होते, ऐकायला नको असलेलं ऐकत. पण मला हलता येईना.

"मग कडक का घेतलंस?" त्याने विचारलं.

"मला उघडता येत नाही म्हणून."

"मला वाटलं..."

"मला माहीत आहे तुला काय वाटलं. सगळ्यांनाच वाटलं." ती त्याच्याकडे बघत होती, सरळ. "ते खरं नव्हतं. बादली उचलायचास तेव्हा सांगायला हवं होतं मी."

एर्नीने दाराला पाठ टेकली. त्याच्या चेहऱ्याची एकच बाजू हलते, त्यामुळे त्याला काय होतंय ते अर्धंच कळतं, पण ते अर्धं बघवत नव्हतं. मला वाटलं तो ओरडेल. तो झाकणाकडे बघत राहिला आणि मग इतक्या हळू बोलला, की मला कान द्यावा लागला.

"डोरी. डावं आधी निघतं."

"काय?"

"डावं झाकण आधी निघतं. उजव्याची कड त्याच्या खाली असते. डावं काढलं तरी उजवं जागच्या जागी राहतं, पक्कं, पाणीसुद्धा शिरत नाही. डावं म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावरचं. माझं. मी नुसतं माझं काढलं असतं. तुझं कधी हलवलंच नसतं."

डोरीनने वर उजव्या झाकणाकडे पाहिलं.

"मी रोज तेच करायचो कारखान्यात. उजवं आधी बसवा, मग डावं. कुठल्याही शेंबड्या पोराला विचार, विल्माला विचार." त्याने मला कुंपणापाशी पाहिलं होतं. मी मान हलवली. खरं होतं ते. आमच्या सगळ्यांच्या हातांना ते पाठ होतं. डोक्यात यायचं कारणच पडलं नव्हतं. "तू एकदा म्हणाली असतीस तर..."

"तू एकदा विचारलं असतंस तर," डोरीन म्हणाली.

त्याने मान खाली घातली. एवढी वर्षं ती अर्धी गाडी बंद राहू शकत होती. दर रविवारी, दर उन्हाळ्यात, ती अर्धी तिच्यासाठी तिथेच होती. मला वाईट वाटलं.

"आता तर मी चालवते," डोरीन म्हणाली. ती विचार करत होती, तिचं कपाळ आक्रसलं होतं. "म्हणजे आता माझ्या डोक्यावरचं निघणार आणि तुझं राहणार."

"हो. आता काही उपयोग नाही." त्याने खिट्टी परत लावायला हात आत घातला. "राहू दे बंद. छान आहे बंद. मला सवय झालीय."

मग डोरीनने स्कार्फ बॉनेटवर ठेवला, गाडीला वळसा घालून या बाजूला आली आणि मला हाक मारली. "विल्मा, ये गं जरा. ती कड धर."

"डोरी, मी म्हटलं ना, राहू दे."

"तू आत बस," ती म्हणाली. "स्टिअरिंगवर."

"मला चालवायची परवानगी नाहीये अजून."

"चालवायला कोण सांगतंय? किल्ली माझ्या खिशात आहे."

तिने त्याला दंडाला धरून चढवलं, डावा पाय उचलून आत ठेवला. मी आणि तिने मिळून डावं झाकण उचललं. वाटतं तेवढं ते जड नसतं, नुसतं अवघड असतं. आम्ही ते गॅरेजमध्ये नेऊन भिंतीला उभं केलं, कप्पीला न लावता. परत आलो तेव्हा एर्नी स्टिअरिंग धरून वर बघत होता आणि त्याच्या उघड्या डोक्यावर ऊन पडलं होतं. डोरीन पलीकडून जाऊन उजव्या सीटवर बसली, तिच्या नेहमीच्या जागी, आणि तिच्या डोक्यावर छत होतं.

गाडी दारातच उभी होती, तोंड रस्त्याकडे. मी त्यांना कॉफी आणून दिली. निघून जायला हवं होतं, पण मी बॉनेटला टेकून उभी राहिले, मला कोण हाकलणार? मेपलचं एक पान गिरक्या घेत त्याच्या मांडीवर पडलं, डाव्या. त्याला ते कळलं नाही. डोरीनने हात लांब करून उचललं आणि बदकांजवळ ठेवलं. रस्त्यावरून कुणाची तरी पिवळी जीप गेली. एर्नीने दोन बोटं उचलली. पिवळ्यावाल्यानेही उचलली, दारात उभ्या असलेल्या गाडीला.

मग एर्नी तिच्याकडे वळला. "तुला वारा लागतो का गं?"

डोरीन विचार करत राहिली. मी मनात म्हटलं, आता ही म्हणणार, बरं आहे.

"थोडा," ती म्हणाली. "या खिडकीतून."

त्याने उजवा हात पुढे केला. "किल्ली दे."

तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि दिली. त्याने इंजिन सुरू न करता ती लावून नुसती एकदा फिरवली, मधल्या पट्टीवरची कळ चाचपून शोधली, तिच्या बाजूची काच पूर्ण वर केली आणि किल्ली तिच्या हातात परत दिली.